प्रेअरीवरच्या शांत तळ्याकाठी तंबू ठोकायचाय. आईला घेऊन जावं का?

माळावरची | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओमाहाला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात डेन्व्हरच्या दिशेनं आठ तास गाडी हाणायची, डोंगर बघायचे आणि परत यायचं, हा आमचा ठरलेला रिवाज. मधलं अख्खं नेब्रास्का आमच्या लेखी आय-८० महामार्गावरची गॅस स्टेशनं, बस्स.

यंदा आई आली आहे. ती करमाळा तालुक्यातली, उजनीच्या फुगवट्याच्या काठची. वय ६६. डोंगर चढणं आता गुडघ्यांना जमत नाही. मागच्या रविवारी लिंकनच्या पुढे एका मैत्रिणीच्या शेतावर निघालो होतो. आई खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत बसली होती, मग एकदम म्हणाली, "अगं, हा तर आपला माळच आहे. फक्त ह्याला पाऊस मिळालाय."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की यंदा डोंगर सोडावेत आणि इथल्याच एखाद्या तळ्याकाठी दोन रात्री तंबूत काढाव्यात. गर्दी नको, मोटरबोटींचा गोंगाट नको. लेक सात वर्षांची आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार जमेल. कुठे जावं? तंबू तिथल्या वाऱ्यात टिकतो का? आणि आईला जमिनीवर झोपवणं बरं का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

---

लिंकनकर | १९ ऑगस्ट, रात्री १०:१५

आधी घराजवळ एक रात्र काढून बघा. लिंकनभोवती सॉल्ट व्हॅलीतली तळी आहेत: ब्रँच्ड ओक, पॉनी, ब्लूस्टेम, वॅगन ट्रेन, स्टेजकोच. सगळी आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सनं १९६०च्या दशकात पूर अडवायला बांधलेली. ब्रँच्ड ओक त्यात सगळ्यात मोठं, १,८०० एकरांचं. ओमाहाहून तासाभरात पोचाल. काही बिनसलं तर रात्री अकरालाही घरी परतता येतं.

शनिवारी मात्र फिरकू नका. आठवड्याच्या मध्यात तिथं तुम्ही, दोन गळ टाकून बसलेले आजोबा आणि बगळे.

---

निशाचर | १९ ऑगस्ट, रात्री ११:०२

मेरिट जलाशय! व्हॅलेंटाइन गावाच्या नैर्ऋत्येला, सँडहिल्सच्या ऐन मध्यात. २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. १९९४ पासून तिथं दर उन्हाळ्यात नेब्रास्का स्टार पार्टी भरते, लोक भल्यामोठ्या दुर्बिणी घेऊन आठवडाभर मुक्काम ठोकतात. चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत, मध्ये कुठं तुटत नाही. तुमच्या लेकीनं हे आकाश एकदा बघायलाच हवं.

---

माळावरची | २० ऑगस्ट, सकाळी ७:३०

निशाचर, नाव वाचूनच जावंसं वाटलं, पण ओमाहाहून पाच तास होतात ना? आई सलग पाच तास बसू शकत नाही. तीन-साडेतीनच्या आत काही?

---

एक प्रवासी | २० ऑगस्ट, सकाळी ८:१०

मॅकॉनहीला जा हो. नेब्रास्कातला सगळ्यात मोठा जलाशय, २० मैलांहून लांब, पांढऱ्या वाळूचा किनारा. गोव्याची आठवण येते.

---

लिंकनकर | २० ऑगस्ट, सकाळी ८:२५

प्रवासी, त्यांनी तीन तास म्हटलंय, तुम्ही त्यांना कोलोरॅडोच्या वेशीवर पाठवताय. :) तिथलं ओगलाला गाव तर माउंटन टाइममध्ये, म्हणजे एक तास मागे, येतं. मॅकॉनही सुंदर आहे, वाद नाही. पण ४ जुलैच्या सुट्टीच्या आसपास तिथं वाळू दिसत नाही, नुसत्या गाड्या दिसतात. पाण्याची पातळी दरवर्षी वरखाली होते, त्यामुळे गेल्या साली तंबू लावलेली जागा यंदा पाण्याखालीही असू शकते.

---

गवताळ | २० ऑगस्ट, दुपारी १:०५

कॅलामस जलाशय. दुसरं नाव घेऊ नका.

मी ग्रँड आयलंडला राहतो आणि गेली नऊ वर्षं दर सप्टेंबरात तिथं जातो. बर्वेल गावाच्या वर काही मैलांवर आहे. ओमाहाहून साडेतीन तास धरा, मध्ये कोलंबसला थांबून आईंचे पाय मोकळे करा. सँडहिल्स तिथूनच सुरू होतात. या टेकड्या म्हणजे मुळात वाळूच्या, पन्नासेक हजार चौरस किलोमीटरभर पसरलेल्या, आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या. गवत उपटलं गेलं की त्या जागी वाळू पुन्हा उडायला लागते आणि टेकडीला खड्डा पडतो. म्हणून तिथं गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही, हे पहिलं.

शिरताना एक लोखंडी खांब आणि त्यावर पेटी दिसेल. पाकिटावर नाव, गाडीचा नंबर, किती रात्री ते लिहायचं, पैसे आत घालून फटीतून सोडायचं आणि फाडलेली चिठ्ठी आपल्या जागेच्या खांबाला अडकवायची. कोणी उभं नसतं, कोणी विचारत नाही. सुटे पैसे आणि चालणारं पेन न्या. गाडीचा पार्क परवाना वेगळा घ्यावा लागतो. काही जागा ऑनलाइन आरक्षणाच्या असतात, निघण्याआधी बघून घ्या.

आता वारा. साध्या बारीक खुंट्या वाळूत भुसभुशीत वाफ्यात काडी खोचावी तशा जातात आणि पहिल्याच झोतात तशाच वर येतात. रुंद पात्याच्या, हातभर लांब खुंट्या घ्या. त्याहून पक्कं म्हणजे: बाजाराची कापडी पिशवी वाळूनं भरायची, दोरी बांधायची, आडवी कोपरभर खोल पुरायची आणि वरून पायानं तुडवायची. चार कोपऱ्यांना अशा चार पिशव्या. तंबू बुटका हवा. आत उभं राहता येणारे उंच तंबू दुकानात छान दिसतात, इथं मात्र शिडासारखे फुगतात.

पाण्याजवळ कॉटनवुडची मोठी झाडं आहेत. पानांचे देठ चपटे, त्यामुळे झुळूकही नसताना सळसळत राहतात, हुबेहूब पिंपळ. पहिल्या वर्षी रात्री मला पाऊस आल्याचा भास झाला आणि मी उठून कपडे आत घेतले. सावलीला दिवसा बसा, पण रात्रीचा तंबू त्याच्याखाली नको. वाळलेल्या फांद्या वाऱ्याशिवायही पडतात.

आणि पेलिकन. पांढरे, काळ्या पंखटोकांचे. सप्टेंबरात दक्षिणेला जाताना तिथं उतरतात. आईंना उजनीचे रोहित पक्षी माहीत असणारच. त्यांना हे दाखवा.

---

काळजीवाहू | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

मी विरोधात मत नोंदवतो. ६६ वर्षांची आई आणि सात वर्षांची मुलगी घेऊन उघड्या माळावर तंबू? केबिन घ्या.

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही कॅन्ससमधल्या एका तळ्यावर होतो. रात्री दीड वाजता कॅम्पची देखरेख करणारे आजोबा पिकअपमधून हॉर्न वाजवत फिरायला लागले. फोनला रेंज नव्हती, गावातला वादळाचा भोंगा तिथवर ऐकू येत नव्हता. सगळे धावत सिमेंट ब्लॉकच्या न्हाणीघरात शिरलो. १४ माणसं, दोन कुत्री आणि एक पिंजऱ्यातला पोपट. वीस मिनिटं छतावर गारा आदळत होत्या, बायको माझ्या कानाशी बोलत होती तरी ऐकू येत नव्हतं. बाहेर आलो तर तंबू जागेवर नाही. सकाळी सापडला, पलीकडच्या काटेरी तारेला गुंडाळलेला, दोन्ही काठ्या मोडून. माझा मुलगा अजूनही ढग काळवंडले की गाडीची किल्ली कुठंय ते विचारतो.

माळावर आडोसा नसतो. एवढंच सांगायचं होतं.

---

विचिटावासी | २० ऑगस्ट, रात्री ८:३०

काळजीवाहू, तुमचा अनुभव खरा आणि भीतीही रास्त. पण तो जूनचा. टोर्नेडोचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून. सप्टेंबरात वादळ येतच नाही असं कुणी म्हणू नये, पण शक्यता बरीच कमी.

काय करायचं ते लिहितो. बॅटरीवर आणि हातानं फिरवून चालणारा वेदर रेडिओ घ्या. हवामान खात्याची प्रसारणं १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये सात वाहिन्यांवर चालतात, त्यासाठी फोनच्या रेंजची गरज नसते. तुम्ही ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहात तिचं नाव कागदावर लिहून तंबूत ठेवा, कारण रेडिओवर गावाचं नाही, काउंटीचं नाव पुकारतात. 'वॉच' म्हणजे हवा तशी जमतेय, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे दिसलंय किंवा रडारवर उमटलंय, उठा आणि पक्क्या इमारतीत चला. पोचल्या पोचल्या उजेडात ती इमारत शोधून ठेवायची, मुलीला सोबत घेऊन एकदा चालून बघायचं. विजा असतील तर तंबूत थांबायचं नाही, गाडीत बसायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास.

दुसरी गोष्ट निळ्या-हिरव्या शेवाळाची. शेतातलं खत वाहून तळ्यात येतं, उन्हानं पाणी तापतं, वारा पडला की हा प्रकार बळावतो. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर मुलीला पाय बुडवू देऊ नका. कुत्री तर हे पाणी पिऊन मरतात. कॅन्ससमध्ये त्यासाठी वॉच, वॉर्निंग, हॅझर्ड अशा तीन पायऱ्या जाहीर करतात. नेब्रास्काही उन्हाळ्यात तळ्यांची तपासणी करून इशारे देतं, निघण्याआधी बघा.

कधी कॅन्ससला आलात तर विल्सन लेक बघा, लाल वालुकाश्माचे कडे आणि या भागातलं सर्वांत नितळ पाणी. आणि इथल्या राज्याच्या छोट्या फिशिंग लेकवर बऱ्याच ठिकाणी तंबू फुकट लावता येतो. सोय म्हणाल तर एक खड्ड्याचा संडास, बाकी शांतताच शांतता.

---

खमंग | २० ऑगस्ट, रात्री ९:१५

खाण्याचं कुणीच बोलत नाही?!

निखाऱ्यावर वांगी. दुसरा पदार्थ नकोच. वांग्याला तेलाचा हात, दोन टोचे, निखाऱ्यात सारून द्यायचं, सालीला भेगा पडेपर्यंत. कांदा, मिरची, दाण्याचं कूट डब्यात घरून. सोबत थालीपिठाची भाजणी. सकाळी मेतकूट-भात. नेब्रास्काची कणसं सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळतातच.

लाकूड घरून नेऊ नका, तिथल्या गावातच घ्या. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा किडा अशाच लाकडातून पसरतो, नेब्रास्कात २०१६ मध्ये पहिल्यांदा सापडला. आणि वारा जोराचा असेल तर शेकोटीवर बंदी असते, म्हणून गॅसची छोटी शेगडी हवीच.

आमच्या यजमानांनी (मालवणचे) मॅकॉनहीला वॉलाय मासा पकडून तांदळाच्या पिठीत घोळवून तळला होता. शेजारच्या तंबूतलं जोडपं ताटली घेऊनच आलं. मासेमारीचा परवाना आधी काढा, हे वेगळं सांगायला नको.

---

रेजायनाकर | २१ ऑगस्ट, सकाळी ६:४५

सीमेपलीकडून थोडं. आमच्याकडे कॅनडात सस्कॅचवानमध्ये लेक डीफेनबेकर आहे, १९६७ मध्ये गार्डिनर धरण पुरं झालं तेव्हा झालेला, २२५ किलोमीटर लांब. मे महिन्याच्या लाँग वीकेंडला सगळे तंबू घेऊन निघतात आणि बहुतेक वेळा थंडीनं कुडकुडून परततात. आम्हीही सप्टेंबरवालेच. डास संपलेले, शाळा सुरू झालेल्या, कॅम्पग्राउंड रिकामं. दोन वर्षांपूर्वी रात्री लघवीला उठलो तर उत्तरेला ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पडदा हलत होता. बायकोला उठवलं, मुलांना उठवलं, पाच तंबूंमधली माणसं ब्लँकेटं पांघरून धरणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी. कुणी एक शब्द बोललं नाही.

आईंसाठी: थंडी खालून लागते. वर तीन पांघरुणं घालून उपयोग नाही, खाली जाड काहीतरी हवं. घडीची खाट घ्या आणि खाटेवर लोकरीची घोंगडी अंथरा, नुसत्या कापडी खाटेला खालून गार हवा लागते. उठता-बसताना गुडघ्यांनाही खाटच बरी.

---

कोयनाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा छान चाललाय, त्यात जरा वेगळं लिहितोय.

आपण सगळे 'तळं, तळं' म्हणतोय. यातली बहुतेक धरणं आहेत. माझे आजोबा जावळीतले. कोयनेचं धरण १९६४ ला पुरं झालं, शिवसागर भरला, आमचं गाव त्यात गेलं आणि आमची माणसं रायगड जिल्ह्यात येऊन पडली. आजोबा शेवटपर्यंत पत्ता सांगताना आधी जुन्या गावाचं नाव घ्यायचे.

मी नॉर्थ डकोटात असताना लेक साकाकावियाच्या काठी तीन दिवस तंबूत राहिलो होतो. १७८ मैल लांब पाणी. पहिल्या दिवशी मला ते नुसतंच सुंदर वाटलं. दुसऱ्या दिवशी न्यू टाउनला गेलो तेव्हा कळलं की गॅरिसन धरणासाठी मंडन, हिदात्सा आणि अरिकारा या मूळनिवासी लोकांची दीड लाख एकरांहून जास्त जमीन घेतली. नदीकाठची, सगळ्यात सुपीक. एल्बोवुड्स हे त्यांचं मुख्य गाव, शाळा-दवाखान्यासकट पाण्याखाली गेलं. १९४८ मध्ये करारावर सह्या झाल्या तेव्हाचा एक फोटो आहे. मंत्री सही करतायत आणि शेजारी उभे असलेले टोळीचे प्रमुख जॉर्ज जिलेट चेहरा हातात झाकून रडतायत. त्या फोटोसमोर मी बराच वेळ उभा होतो. चेहरा दिसत नाही, तरी मला तो ओळखीचा वाटला.

मिझुरी नदीवरची बाकीची मोठी धरणं, ओआहे, फोर्ट रँडल, गॅरिसनसारखीच १९४४ च्या योजनेतली. तिथंही लाकोटा आणि डकोटा लोकांची जमीन गेली. तंबू लावू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः लावतो. पण पोराबाळांना हे सांगून मग पाण्यात उतरवा.

---

एक प्रवासी | २१ ऑगस्ट, रात्री १०:४०

कोयनाकाठ, तुमच्या भावनांचा आदर आहे, पण दोन दिवसांच्या सहलीच्या धाग्यावर हे ओझं कशाला? त्या बिचाऱ्या खुंट्यांबद्दल विचारतायत.

---

विचिटावासी | २१ ऑगस्ट, रात्री ११:१०

प्रवासी, असहमत. जागेबद्दल विचारलं की जागेचा इतिहास येणारच.

कॅन्ससमध्ये नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीतच, जे पाणी दिसतं ते अडवलेलं. टटल क्रीक धरणाविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी १९५०च्या दशकात मोठा लढा दिला, त्यात बायका पुढे होत्या. धरण झालंच, १९६२ मध्ये. रँडॉल्फ गाव उचलून वर नेलं. आयर्विंग नावाचं गाव उठलं ते कायमचं. मी तिथं गेलोय. मातीचा रस्ता, झाडी, गावाच्या नावाचा एक दगड आणि शेजारी एक टपालपेटी. पेटीत वही असते. कधी काळी तिथं राहिलेली माणसं, त्यांची मुलं-नातवंडं येतात आणि वहीत लिहून जातात. मी चाळली. 'आमचं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे होतं' अशा अर्थाचं कुणीतरी थरथरत्या अक्षरात लिहिलेलं. मीही खाली मराठीत माझं आणि गावाचं नाव लिहून आलो.

---

माळावरची | २२ ऑगस्ट, सकाळी ७:५५

प्रवासी, माझ्यासाठी बोललात, पण मला ओझं नाही वाटलं. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती खूप वेळ गप्प बसली. उजनीचं पाणी आलं तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. मामांची मळ्याची जमीन गेली. पलीकडच्या काठचं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, ते बघायला तिला तिचे वडील होडीतून न्यायचे. मला हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं.

कॅलामस ठरलं. खाट घेतेय, रेडिओ मागवला, वांगी घेतेय.

---

काळजीवाहू | २२ ऑगस्ट, सकाळी ८:३०

रेडिओ मागवलात, मग माझा विरोध मागे. गाडी तंबूच्या जवळ, तोंड रस्त्याकडे करून लावा. किल्ली रोज रात्री एकाच ठिकाणी. आणि सराटे बघा, एअर मॅट्रेसला भोकं पाडतात.

---

निशाचर | २२ ऑगस्ट, सकाळी ९:००

कॅलामसचं आकाशही उत्तम आहे. आईंना ध्रुवतारा दाखवा. करमाळ्याला तो क्षितिजापासून १८ अंशांवर असतो, तिथं ४२ वर दिसेल.

---

माळावरची | १४ सप्टेंबर, रात्री ८:२०

जाऊन आलो! सगळं लिहिते, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

मंगळवारी दुपारी तीनला पोचलो. सबंध काठावर आमच्याखेरीज एक म्हातारं जोडपं आणि त्यांचा छोटा ट्रेलर. गवताळ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पिशव्या पुरल्या. लेकीनं आणि आईनं मिळून वाळू भरली. आई वाळू मुठीत घेऊन म्हणाली, "ही तर चाळून ठेवल्यासारखी आहे."

तंबूची जागा झाडताना तिला एक वेल सापडली, जमिनीला चिकटून पसरलेली, पिवळी बारीक फुलं. उचलून बघितली आणि हसायलाच लागली. "सराटा! हा इथं पण आला का?" आमच्या माळावर अनवाणी चालणाऱ्या प्रत्येकाच्या टाचेत जाऊन बसतो तोच, रतीभर फरक नाही. मग तिनं मुलीला काटे खाली न पाडता वेल गुंडाळून कशी उपटायची ते शिकवलं. दोघींनी अर्ध्या तासात जागा साफ केली.

पाण्यात उतरण्याआधी आई काठावर वाकली, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. म्हणाली, "खाली कुणाचं काय असेल ते असेल." लेकीनंही तसंच केलं, लाइफ जॅकेट घातलेल्या अवतारात.

पेलिकन बुधवारी सकाळी दिसले. आधी वाटलं लांबवर कुणीतरी पांढरे कापडी तुकडे टाकलेत. मग ते तुकडे एका रांगेत आले, सगळ्यांनी एकदम चोची पाण्यात घातल्या, एकदम वर काढल्या. मासे काठाकडे हाकत आणतात ते. आई चहाचा कप हातात धरून उभीच राहिली, चहा गार झाला.

आता वारा. पहिली रात्र स्तब्ध होती, इतकी की झाडं तेवढी सळसळत होती आणि लांब कायोटी ओरडले तेव्हा लेक माझ्या गोधडीत शिरली. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला वारा उत्तरेला फिरला. दोऱ्या तारेसारख्या वाजायला लागल्या. कापड आत दबून माझ्या तोंडाला लागत होतं. बाहेर टॉर्च घेऊन गेले तर मधली एक खुंटी निघून दोरीला लोंबत होती, चारी पिशव्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. रेडिओ लावला, थंड हवेची लाट येतेय एवढंच, वादळ नाही. तरी मुलीला आणि आईला बूट घालून बसायला सांगितलं. आई म्हणाली, "वारा आहे, कळतंय मला. तू झोप." आणि खाटेवर कूस बदलून खरंच झोपली. पहाटे ४३ फॅरनहाइट होतं. खाटेवरची घोंगडी आणि वरून गोधडी, तिला अजिबात गारठलं नाही. गारठले मी.

त्यामुळे पहाटे पाचला बाहेर आले. निशाचर, मृग वर आला होता आणि त्याच्या पुढे रोहिणी, कृत्तिका. आईला उठवलं. तिनं आधी मृगच ओळखला. मग ध्रुव शोधायला लागली आणि खाली, क्षितिजाजवळ शोधत राहिली. मी बोट वर केलं तेव्हा मानच हलवेना. "एवढा वर?" मग तिनंच लेकीला सांगितलं, "आपण किती लांब आलोय ते हा दाखवतो."

संडासाचं विचारलं नव्हतं कुणाला, पण लिहिते: खड्ड्याचे आहेत, स्वच्छ होते, कागद होता. आईला काही अडचण आली नाही. हात धुवायला पाण्याचा कॅन न्या.

---

गवताळ | १४ सप्टेंबर, रात्री ८:५०

वाचून फार बरं वाटलं. उत्तरेचा वारा सप्टेंबरात असाच अचानक फिरतो, ते मी लिहायला हवं होतं. तंबूची बुटकी बाजू निजताना उत्तर-वायव्येकडे ठेवायची, दिवसभर वारा दक्षिणेचा असला तरी.

---

निशाचर | १४ सप्टेंबर, रात्री ९:१०

आईंना माझा नमस्कार सांगा. आणखी एक गंमत: करमाळ्यात सप्टेंबरच्या रात्री सप्तर्षी लवकर मावळतात. कॅलामसला ते मावळतच नाहीत, शेपटीचा शेवटचा तारा क्षितिजाला घासून पुन्हा वर चढतो.

---

खमंग | १४ सप्टेंबर, रात्री ९:१२

आणि भरीत???

---

कोयनाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९:४५

ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं ते वाचून थांबलो. माझी आजी गावाला गेली की शिवसागराच्या काठी हेच करायची. धन्यवाद, लिहिल्याबद्दल.

---

माळावरची | १५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

कोयनाकाठ, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तुमच्या आजोळचं गाव कुठलं विचारतेय.

खमंग, भरीत झालं! शेजारच्या ट्रेलरमधल्या आजींना वाटीभर दिलं. त्यांनी बदल्यात त्यांच्या बागेतले टोमॅटो दिले, तेही निखाऱ्यातच घातले.

आई ऑक्टोबरच्या शेवटी परत जातेय. त्याआधी तिला आणखी एक रात्र तंबूत हवी आहे, तिनं स्वतः सांगितलंय. लिंकनकर, ब्रँच्ड ओकला पुढच्या आठवड्यात बुधवारी जायचा विचार आहे. जवळपासचं कुणी येतंय का? वांगी माझ्याकडून.

---

लिंकनकर | १५ सप्टेंबर, सकाळी ७:४०

मी आणि घरची येतो. तिथली जमीन वाळू नाही, चिकणमाती आहे, पिशव्या घरी ठेवा. लोखंडी खुंट्या आणि हातोडी मी आणतो.